त्यांच्या वाटचं

लॉन्ड्रीतून चादरी आणायच्या होत्या, एवढंच काम. काचवाल्याची बायको दुपारी जिना उतरून खाली आली, दुकानाच्या दारातूनच नवऱ्याला "आलेच हं" म्हणाली आणि गल्लीत शिरली. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. खाली काचेचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. काच कापतानाचा तो करकर आवाज वहिनींच्या कानात इतका मुरला होता, की सुट्टीच्या दिवशी तो नसला तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

गल्ली तुंबलेली होती. पुढे एक टेम्पो, त्याच्यामागे गाड्यांची रांग, आणि हॉर्नचा नुसता गदारोळ. या सगळ्याच्या पुढ्यात, रस्त्याच्या ऐन मध्यावर, गुडघ्या बसला होता.

हे नाव त्याला सलूनवाल्यानं ठेवलं होतं. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही. थंडीच्या दिवसांत तो कुठूनसा आला आणि तेव्हापासून रोज भरदुपारी यायचा. अंगात मळका लांब कोट, पाय अनवाणी. चालता चालता मध्येच थांबायचा आणि उभाच्या उभा गुडघ्यांवर पडायचा. धप्प. तो आवाज ऐकून बघणाऱ्याच्याच गुडघ्यांत कळ यायची. मग तो दोन्ही हात पसरायचा, डोळे मिटायचा आणि समोरच्या दुकानाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचा, "यांच्या वाटचं मला दे."

एवढंच. मग तसाच गुडघ्यांवर सरकत पुढच्या दुकानासमोर. पुन्हा तेच.

त्याच्याजवळ तसबीर नव्हती, पोथी नव्हती, भिकेचं भांडंही नव्हतं. सलूनवाल्यानं एकदा गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून बाहेर येऊन विचारलं होतं, "काय रे, तुझा देव तरी कुठला?"

"जो देतो तो."

"अरे वा! मग माझ्यासाठी एक मोटार माग की. काय काय देतो तुझा देव?"

गुडघ्या नुसता हसला होता. त्याचे पुढचे दात पडलेले होते.

वहिनी गर्दीतून वाट काढत लॉन्ड्रीत पोचल्या. लॉन्ड्रीवाला आज भलताच खुशीत होता. "वहिनी, आज मी वाचलो बघा! सकाळी वाफेचा पाइप फुटला. तोंडासमोर सगळी वाफ. मी म्हटलं, संपलं. पण बघा, केससुद्धा जळला नाही!" त्यानं दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले.

चादरींचं गाठोडं घेऊन वहिनी बाहेर पडल्या, तेव्हा गुडघ्या लॉन्ड्रीसमोर सरकत आला होता. हात पसरताना त्याच्या कोटाच्या बाह्या मागे गेल्या, आणि वहिनी जागच्या जागी थिजल्या. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांची कातडी उकडून सोलवटली होती. जखम ताजी होती. अजून पाझरत होती.

त्यांना राहवलं नाही. लॉन्ड्रीतून पाण्याचा पेला मागून आणला. त्याला तो धरवेना, म्हणून त्यांनीच तोंडाला लावला. जवळून त्याच्या अंगाला तापलेल्या लोखंडासारखा वास येत होता. एक कान अर्धा चिरलेला. कोटाच्या उघड्या गळ्यातून छाती दिसत होती. एका बाजूच्या बरगड्या आत दबलेल्या, जणू कुणी त्यावर जड काहीतरी ठेवून विसरून गेलं होतं. आणि मानेवर, कानाखालून थेट खांद्याच्या हाडापर्यंत, एक लांब, सरळ, पांढरी रेघ.

"कोण मारतं हो तुम्हाला एवढं?" वहिनींनी विचारलं.

"कुणी नाही मारत, बाई. मी मागून घेतो."

"आणि हे? हे मानेवरचं?"

तो ओशाळल्यासारखा झाला. "हे... हे तुमच्या घरचं."

जेवताना वहिनींनी हे नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला. मग हसता हसता थांबला. थंडीत एकदा दुकानातल्या स्टँडवरून काचेचा मोठा तुकडा निसटला होता. मानेजवळून वारा गेल्याचं त्याला जाणवलं होतं, आणि मागच्या भिंतीवर काचेचा चुरा झाला होता. ते आठवून तो उगाचच चिडला. "वेडा माणूस आहे तो. त्याच्या नादी लागू नकोस. आणि त्याला पाणी पाजायला तू कोण गं?"

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलं.

एका शोरूमसाठी दुकानात भलीमोठी काच यायची होती. गर्दीमुळे टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून काचवाला आणि एक हमाल ती उभी धरून चालत आणत होते. आकाश, खांब, तारा, सगळं त्या काचेत हलत होतं. वहिनी वर खिडकीत उभ्या होत्या. काच दुकानापाशी येते न येते तोच गुडघ्या आला आणि बरोबर तिच्यापुढे गुडघ्यांवर पडला.

हमाल अडखळला. काच एक क्षण हवेत तिरकी झाली आणि मग सगळ्या रस्त्यावर पसरली.

 काचवाल्यानं गुडघ्याची कॉलर धरली आणि एक मुस्काटात ठेवून दिली. तेवढीच खोटी होती. महिनोन्महिने हॉर्न ऐकून, गिऱ्हाइकं परत जाताना बघून गल्ली आतल्या आत उकळत होती. सलूनवाला धावत आला आणि त्यानं कमरेत लाथ घातली. लॉन्ड्रीवाला कपडे टांगायचा दांडा घेऊन आला. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तर हातात मोठा पाना घेऊनच बाहेर पडला, आणि त्याचा पहिलाच घाव गुडघ्याच्या तोंडावर बसला.

गुडघ्यानं हात वर केला नाही. प्रत्येक फटक्याला तो तेच म्हणत होता. तोंड फुटलं तसे शब्दही फुटत गेले, पण तेच शब्द.

"मारा," तो मध्येच म्हणाला. "मारा, पण उठवू नका. इथून उठवू नका... परत जाईल सगळं..."

"अहो, सोडा त्याला!" वहिनी वरून ओरडल्या. "मरेल तो! अहो!"

काचवाल्यानं एकदाच वर पाहिलं. त्याची नजर नवऱ्याची नव्हती. त्यानं गुडघ्याचे पाय धरले, गॅरेजवाल्यानं हात, आणि दोघांनी त्याला त्या काचांवरून फरफटत गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. तोपर्यंत त्याचं बोलणं बंद पडलं होतं. मागे रस्त्यावर एक रुंद, ओला, लाल पट्टा उरला. त्यात काचा लुकलुकत होत्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पुलाखाली एक प्रेत सापडलं होतं. "कुणाला काही माहिती?"

"गाडीनं उडवलं असेल, साहेब," सलूनवाला म्हणाला. "रस्त्यातच बसायचा ना."

गल्लीत त्या दिवशी सगळेच आंधळे होते. पोलिसानं रस्त्यावरच्या डागाकडे पाहिलं, सलूनमध्ये फुकटात दाढी करून घेतली आणि तो गेला.

त्याच दुपारी, गुडघ्याच्या यायच्या वेळेला, सलूनच्या दारात आवाज झाला. धप्प. आतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. "मांजर असेल," म्हणत सलूनवाल्यानं पुढच्या गिऱ्हाइकासाठी वस्तरा उचलला आणि शांतपणे स्वतःच्याच कानाला लावला. गिऱ्हाईक आरशातून बघत होतं. वस्तरा सावकाश, काळजीपूर्वक खाली आला. अर्धा कान लोंबायला लागला तेव्हा सलूनवाल्याला कंठ फुटला.

"माझा हात धरला होता," दवाखान्यात तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "वहिनी, देवाशप्पथ... मागून कुणीतरी माझा हात धरला होता. प्रेमानं धरला होता हो..."

 चिरलेला कान त्यांनी आधी पाहिला होता.

मग गॅरेजवाला. तो गाडीखाली झोपून काम करत होता. शेजारच्या फरशीवर धप्प असा आवाज झाला आणि जॅक सरकला. लोकांनी गाडी उचलेपर्यंत त्याच्या एका बाजूच्या बरगड्या आत गेल्या होत्या. तो जगला नाही. मग लॉन्ड्रीवाला. वाफेच्या प्रेसमध्ये त्यानं चादर पसरली आणि वरचं झाकण आपोआप खाली आलं. कोपरापर्यंत दोन्ही हात आत. त्याची किंकाळी गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेली. झाकण काही केल्या वर होईना. उकडल्या मांसाचा वास संध्याकाळपर्यंत गल्लीत होता.

काचवाल्यानं दुकानाचं शटर ओढलं. वर येऊन त्यानं घरातली काच म्हणून जे काही होतं ते पोत्यात भरून बाहेर नेऊन टाकलं. आरसा, पेले, बरण्या, घड्याळ, चष्मासुद्धा. मग तो पलंगाच्या कोपऱ्यात मानेभोवती चादर गुंडाळून बसला.

"अगं, काहीतरी कर," तो म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू त्याला पाणी दिलं होतंस. तुझं ऐकेल तो."

"तो मेला, अहो. आता ऐकणारा तो नाही. त्याचं जो ऐकायचा... तो आहे."

दुपार झाली. खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर आवाज आला. धप्प.

काचवाल्यानं बायकोचा हात धरला. जिन्यावर पुन्हा... आणि पुन्हा... एकेक पायरी वर येत. वाटेत दम खात.

वहिनींनी हात सोडवून घेतला. दार उघडलं. जिना रिकामा होता, फक्त तापल्या लोखंडाचा वास कोंडला होता. डोळे मिटून त्या त्यातून खाली धावल्या आणि थेट रस्त्याच्या मध्यावर आल्या. चारचौघांत आवाज चढवून बोलायचीही त्यांना लाज वाटायची. आता मात्र भर रहदारीत त्या गुडघ्यांवर पडल्या. हॉर्न वाजायला लागले. "अहो वहिनी, हे काय करताय?" कुणीतरी ओरडलं. एक मोटारसायकल त्यांना घासून गेली आणि शिवी देऊन गेली. वहिनींनी हात पसरले, आपल्याच घराकडे तोंड केलं.

"यांच्या वाटचं मला दे," त्या म्हणाल्या. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या.

वरची खिडकी फुटली. घरातली सगळी काच टाकली, पण खिडकीची तावदानं कुणाच्या लक्षातच आली नव्हती. नंतर पाहिलं तेव्हा आतल्या भिंतीत काचांचे तुकडे रुतले होते, बसलेल्या माणसाच्या आकाराची जागा मोकळी सोडून. काचवाल्याला ओरखडाही आला नव्हता. एकच लांब तुकडा बाहेर आला. वहिनींनी तो येताना पाहिला. उन्हात सुंदर दिसत होता. कानाखालून खांद्यापर्यंत त्यांना आधी फक्त गार वाटलं.

त्या वाचल्या. डॉक्टर म्हणाले, नखभर आत गेला असता तर संपलंच होतं. काचवाला त्यांच्या उशाशी बसून ढसाढसा रडला. "माझ्यासाठी केलंस तू," म्हणाला. त्यांचे केस विंचरून दिले, त्यांना चमच्यानं भरवलं. लग्न झाल्यापासून त्यानं एवढी माया कधी केली नव्हती. वहिनींना वाटलं, चला, मिटलं.

घरी आल्यावर सगळी गल्ली भेटायला आली. डबे आले, फळं आली. सलूनवाल्याच्या बायकोनं पाय चेपून दिले. चेपता चेपता म्हणाली, "वहिनी, यांचं अजून संपलेलं नाही हो. काल पुन्हा दारात आवाज झाला. तुम्ही एकदा आमच्यासाठी..."

"माझ्यासाठीपण," मागून कुणीतरी म्हणालं. "माझी लेक बाळंत व्हायचीय, वहिनी."

"आमचा दुसरा पाइप गळतोय," लॉन्ड्रीवाल्याची आई म्हणाली.

वहिनींनी सगळ्यांकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "एकदा केलं. माझ्या माणसासाठी केलं. मारलंत तुम्ही त्याला. सगळ्यांनी मिळून मारलंत. मी आता नाही."

कुणी वाद घातला नाही. सगळे उठले. जाताना प्रत्येकानं दारात वाकून नमस्कार केला. ते वाकणं वहिनींना आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जाग आली ती आवाजानं. धप्प धप्प धप्प... पाऊस पडावा तसा. फुटक्या खिडकीला प्लायवूड ठोकलं होतं. वहिनी भिंतीच्या आधारानं उठल्या आणि फटीला डोळा लावला.

सगळी गल्ली रस्त्यावर गुडघ्यांवर होती. सलूनवाला, कानाला पट्टी. लॉन्ड्रीवाला, दोन्ही हात बांधलेले, तसेच पसरलेले. बायका, म्हातारी माणसं, दुकानातली गिऱ्हाइकं, टेम्पोवाला. सगळ्यांची तोंडं या खिडकीकडे. डोळे मिटलेले. चेहऱ्यांवर राग नव्हता, उलट मोठी नम्रता होती.

"आमच्या वाटचं," सगळे एका सुरात म्हणाले, "वहिनीला दे."

"अहो!" वहिनी किंचाळल्या. टाके ओढले गेले. "अहो, ऐकलंत का..."

खोलीत नवरा नव्हता. त्या दाराशी गेल्या. दाराला बाहेरून कडी होती. खालच्या फटीतून बाहेर टेकलेले दोन गुडघे दिसत होते. ती पँट त्यांनीच कितीदा तरी दोरीवरून काढून घडी घातली होती.

"अहो... कडी काढा."

"रागावू नकोस गं." तो रडत होता. "तसंही तुला एकदा झालंच आहे. तुला सवय... मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

"अहो, माझ्याकडे बघा तरी."

 मग नवऱ्याचा आवाज आला, हळू आणि स्पष्ट. "माझ्या वाटचं हिला दे."

पहिला फटका बरगडीत बसला. खोलीत कुणी नव्हतं. वहिनी भिंतीवर आपटल्या. दुसरा तोंडावर. दात जिभेवर सुटा झालेला त्यांना कळला. मग हातांवर वाफ आल्यासारखी आग. त्या ओरडायलासुद्धा विसरल्या. त्यांना उचलून फरशीवर आपटलं जात होतं, पुन्हा उचललं जात होतं, आणि खालून तो एकसुरी जप येतच होता. कुणाची लेक, कुणाचा पाइप, कुणाचं जुनं पाप. प्रत्येकाचं वेगळं दुखणं त्यांना वेगळं ओळखू येत होतं. प्रत्येक फटक्यानंतर तो न दिसणारा हात थोडा थांबायचा आणि त्यांच्या केसांवरून फिरायचा. प्रेमानं.

फरशीवर पडल्या पडल्या वहिनींनी रक्त थुंकलं. उठणं शक्य नव्हतं. कोपरांवर भार देऊन त्यांनी कसेबसे गुडघे टेकले.

"यांच्या वाटचं," त्या म्हणाल्या, "यांना दे."

जप तुटला.

हात केसांवर होता तो निघून गेला. मग खालून जे ऐकू आलं, त्यात शब्द नव्हते. हाडं मोडल्याचे आवाज आधी आले, किंकाळ्या मागाहून आल्या, आणि त्या फार वेळ टिकल्या नाहीत. दाराबाहेर नवरा एकदाच म्हणाला, "अगं—" आणि मग काच कापताना यायचा तो आवाज झाला. करकर. लांब, सरळ, एका दमात. घरात काचेचा तुकडासुद्धा नव्हता. दाराखालच्या फटीतून रक्त आत आलं आणि वहिनींच्या गुडघ्यांपर्यंत येऊन थांबलं.

सरपटत खिडकीशी जाऊन प्लायवूडच्या फटीतून त्यांनी शेवटचं पाहिलं ते एवढंच. सगळी गल्ली रस्त्यावर कपाळ टेकून होती. कुणी हलत नव्हतं.

दार तोडून पोलिसांनी वहिनींना बाहेर काढलं. दवाखान्यात त्यांना खूप विचारलं. गॅसचा स्फोट, टोळीयुद्ध, विष, वर्तमानपत्रांनी काय वाटेल ते छापलं.  बऱ्या झाल्यावर वहिनींनी धाकट्या बहिणीला फोन केला, म्हणाल्या, "येऊ का गं तुझ्याकडे?" बहीण म्हणाली, "विचारतेस काय? ये आधी."

बहीण लांबच्या दुसऱ्या शहरात राहायची. त्या शहरात वहिनींना ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. भरदुपारी बस थांबली. रस्ता माणसांनी फुलला होता, हॉर्न वाजत होते, फळवाले ओरडत होते. पलीकडे बहीण उभी होती. तिनं हात हलवला, हसली, आणि रस्ता ओलांडून धावत आली.

"ताई! किती वाळलीस गं..."

आणि ती चार हात अंतरावर थांबली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे वहिनींवरून सरकले. त्यांच्या खांद्यावरून मागे गेले. मग वर. आणखी वर. मागे कुणी खूप उंच माणूस उभा असावा, तसं ती मान वर करून बघत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली. "हे तुझ्याबरोबर... कोण..."

तिच्या हातातली पिशवी गळून पडली. गुडघे हळूहळू वाकायला लागले. तिला ते वाकवायचे नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मागे रस्त्यावर एकेक करून हॉर्न थांबत गेले. वहिनींनी वळून पाहिलं नाही.